सूप, सार आणि माडगं



आजचा विषय आहे घरी करायचे भाज्यांचे सूप. इतिहास शिकवणाऱ्याने चुलीपाशी कशाला जावे, असे कुणाला वाटेल. पण ज्यांच्या जिवावर राजांच्या लढाया झाल्या, ती माणसे दिवेलागणीला काय जेवत होती, हाही इतिहासच. दफ्तरात त्याचे कागद कमी सापडतात, एवढेच.

सूप म्हटले की आमच्या सोनईकडच्या माणसाला पहिल्याने आठवते ते धान्य पाखडायचे सूप. ते संस्कृतातल्या ‘शूर्प’ शब्दावरून आलेले. खायच्या पदार्थालाही संस्कृतात ‘सूप’ हा शब्द आहेच. डाळीचे कालवण, वरण असा त्याचा अर्थ. सूपकार म्हणजे आचारी. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली मराठीतले आरंभीचे पाकपुस्तक छापले, त्याचे नाव ‘सूपशास्त्र’. म्हणजे सगळ्या स्वयंपाकाला आपण वरणाचेच नाव दिले होते. हॉटेलच्या यादीतले ‘सूप’ मात्र इंग्रजीतून आलेले आणि इंग्रजीत ते फ्रेंचांकडून. तिकडे मुळात रश्शात भिजवलेल्या पावाला ते नाव होते. आता रश्शात भिजवलेला पाव आणि आमटीत कुस्करलेली भाकरी, यांत अंतर ते किती?

पातळ कालवणाची ही चाल आपल्या भागात किती जुनी असावी? संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले. तिथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून एका प्राचीन संस्कृतीलाच ‘जोर्वे’ हे नाव पडले. काळ साधारण इसवी सनापूर्वी १४०० पासून पुढचा. आमच्या नेवाशाला प्रवरेकाठी १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकलियांनी उत्खनन केले, तिथेही या धर्तीची भांडी निघाली. त्यांत वाडगे आहेत आणि तोटीची भांडीही आहेत. तोटीतून काय ओतत होते ते भांडे सांगत नाही. पण तोटी लागते ती पातळ पदार्थालाच. याच संस्कृतीच्या इनामगावला, घोड नदीच्या काठी, धान्याचे जळके दाणे मिळाले. त्यांत जव होते, मसूर होती, वाटाणा होता आणि आपला हुलगाही होता. हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ. तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी हुलगे शिजवीत होता, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत या पातळ पदार्थांची रीतसर वर्गवारी आहे. डाळीच्या किंवा कडधान्याच्या कढणाला ते ‘यूष’ म्हणतात. स्नेह, मीठ, मसाला न घातलेला तो अकृत यूष. घातलेला तो कृत यूष. तांदळाच्या चौदापट पाणी घेऊन शिजवायचे आणि शिते गाळून टाकायची, की झाला मंड. त्याहून दाट ती पेया, आणखी दाट ती विलेपी. लंघन झालेल्या माणसाला आधी काय द्यावे आणि मग काय, याचा क्रम त्यात बसवलेला आहे. आजारातून उठलेल्या माणसापुढे मुगाचे कढण ठेवणाऱ्या आपल्या आज्या हाच क्रम पाळत आल्या. ग्रंथ वाचलेला नसला तरी हाताला तो ठाऊक होता.

आता आमच्या भागातले खरे सूप सांगतो. ते म्हणजे हुलग्याचं माडगं. नगर जिल्ह्याचा हा पट्टा पडत्या पावसाचा. हलक्या रानात, कमी ओलीवर जे तग धरते त्यात हुलगा पुढे. तो भाजायचा, दळायचा, पीठ पाण्यात कालवायचे. भांड्यात तेलावर जिरे, ठेचलेला लसूण, मिरची टाकून पाणी उकळायचे आणि कालवलेले पीठ त्यात सोडून ढवळत राहायचे. गुठळी झाली तर करणारीचा हात कच्चा! थंडीच्या दिवसांत बाजरीची भाकरी त्यात कुस्करली की दुसरे काही लागत नाही. कुठे कुठे गूळ घालून गोड माडगंही करतात. यात धान्याला कडधान्याची जोड आपोआप मिळते. बाजरीच्या प्रथिनात जे उणे असते ते हुलग्यात भरपूर असते, असे आजचे आहारशास्त्र सांगते.

ही जोड तुटली की काय होते, ते इतिहासाने दाखवले आहे. ‘सूपशास्त्र’ छापले गेले त्याच १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि तो उठाव नगर जिल्ह्यात पसरला. पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६ ते १८७८ चा तो मोठा दुष्काळ. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरच्या मजुराचा हिशेब बांधला : दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्य आणि वर किरकोळ पैसे. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला कडक विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की राबणाऱ्या माणसाला एवढे धान्य पुरत नाही, आणि नुसत्या धान्यावर माणूस जगत नाही. डाळ हवी, भाजीपाला हवा. मुंबई इलाख्यात तर मजुरांनीच घटवलेल्या मजुरीवर काम करायचे नाकारले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. पुढे मद्रासेत प्रमाण वाढवावे लागले : सुमारे ५७० ग्रॅम धान्य आणि त्याबरोबर ४३ ग्रॅम डाळ.

त्रेचाळीस ग्रॅम म्हणजे मूठभर डाळ. पण त्या मुठीसाठी कागदोपत्री केवढे भांडण झाले! तोवर लक्षावधी माणसे मेली होती. आयर्लंडात १८४७ च्या दुष्काळात सरकारने सूप वाटले. त्या उन्हाळ्यात रोज तीस लाखांपर्यंत माणसे त्यावर जगली. पण तिथेही वाद पेटला तो हाच, की या सुपात सत्त्व किती आणि पाणी किती. पातळ पदार्थात फसवायला सोपे जाते. पाणी वाढवले तरी पळी भरलेलीच दिसते. म्हणून सूप कसे केले हे विचारताना आधी विचारावे, त्यात घातले काय.

इंग्रज साहेबाला जेवणाच्या सुरुवातीला सूप लागे. मद्रासेकडच्या आचाऱ्याने तमिळ घरातले मिऱ्यांचे पाणी, म्हणजे ‘मिळगु तण्णी’, त्याच्यापुढे ठेवले. त्यात मांस वगैरे घालून साहेबाने त्याचे ‘मुलिगटॉनी’ केले आणि विलायतेला नेले. उलट दिशेने टोमॅटो आपल्याकडे आला. मूळचा तो अमेरिकेतला. जुन्या मराठीत त्याला बेलवांगे म्हणत. आज त्याच्या साराशिवाय मराठी पंगत सुनी वाटते. मिरचीही तिकडचीच. त्याआधी आपल्या सारांना तिखटपणा मिरे आणि सुंठ देत, आंबटपणा चिंच आणि आमसूल.

तर हे सगळे ध्यानात घेऊन घरचे सूप कसे करावे? चौघांसाठी सांगतो. मूठभर मुगाची डाळ धुऊन सहा वाट्या पाण्यात शिजत ठेवा. पातेल्यात चमचाभर तुपावर एक कांदा आणि चार पाकळ्या लसूण परता. त्यावर दोन गाजरे, वाटीभर दुधीच्या फोडी आणि मिळतील ते ओले दाणे, मटाराचे किंवा तुरीचे, घालून झाकण ठेवा. कोथिंबिरीच्या काड्या फेकू नका, दोऱ्याने बांधून त्यातच सोडा. डाळ मऊ झाली की तिच्या पाण्यासकट भाजीवर ओता. दोन टोमॅटो चिरून घालायचे ते यानंतर. आंबटपणा आधी शिरला तर डाळ लवकर शिजत नाही. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळी येऊ द्या, काड्या काढून टाका, पळीने घोटा. मीठ, मिरेपूड, वर कोथिंबीर. दाटपणासाठी मक्याचे पांढरे पीठ कशाला? घोटलेली डाळ ते काम करते. हवे तर चमचाभर भाजलेले हुलग्याचे पीठ पाण्यात कालवून लावा.

यातली मुख्य गोष्ट भाज्यांच्या यादीत नाही. भाजी उकडून तिचे पाणी मोरीत ओतणे, ही सवय सोडायची. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि क्षार त्या पाण्यात उतरलेले असतात. होळीला पुरणाचा कट आपण टाकत नाही, त्याची आमटी करतो आणि ती पोळीइतक्याच आवडीने खातो. तोच शहाणपणा रोजच्या भाजीला लावायचा.

१९७० च्या दशकात मुळा धरणाचे पाणी आमच्या शिवारात आले. उसाचे फड उभे राहिले, सोनईला साखर कारखाना झाला. भाजीपाला वाढला, घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागू लागली. हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर हुलगा रानातून मागे हटला आणि माडगं ‘गरिबीचं खाणं’ म्हणून पानातून उठले. पाकिटातली पूड गरम पाण्यात कालवून तिला सूप म्हणण्यात आपल्याला प्रतिष्ठा वाटते, आणि ज्या पदार्थाने अवर्षणात पिढ्या जगवल्या त्याचे नाव पाहुण्यापुढे घ्यायला संकोच वाटतो. येत्या थंडीत एकदा हुलगे दळून आणा. घरात कुणी म्हातारी माणसे असतील तर पिठाला पाणी किती घ्यायचे ते त्यांनाच विचारा. हे प्रमाण पुस्तकात नेमके मिळणार नाही. त्यांच्या हातात मात्र ते अजून आहे.