मृत्युपूर्व जबानी : आवाजाकडून संहितेकडे

फौजदारी अपिलाची सुनावणी ही प्रामुख्याने वाचनाची प्रक्रिया असते. सत्र न्यायालयात साक्षीदार प्रत्यक्ष उभा राहतो. त्याचा स्वर, त्याचे अडखळणे, त्याचे मौन न्यायाधीशाला दिसते. उच्च न्यायालयात पोहोचते ती मात्र कागदपत्रांची संचिका. या स्थितीचे सर्वांत टोकाचे रूप मृत्युपूर्व जबानीत आढळते. येथे बोलणारी व्यक्ती कोणत्याच न्यायालयासमोर कधी आलेली नसते आणि तिची उलटतपासणीही होऊ शकत नाही. तरीही तिच्या शब्दांवर आरोपीचे जीवित अवलंबून असू शकते. अशा कथनावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, या प्रश्नाला भारतीय न्यायालयांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास संहितेच्या अभ्यासकालाही विचारप्रवृत्त करणारा आहे.

इंग्रजी कायद्यात या विश्वासाचे अधिष्ठान धार्मिक होते. मरणोन्मुख माणूस असत्य बोलत नाही, त्याची मनःस्थिती शपथेइतकीच बंधनकारक असते, ही धारणा 1789 च्या वुडकॉक खटल्यात स्पष्टपणे मांडली गेली. म्हणूनच जगण्याची आशा संपल्याची जाणीव बोलणाऱ्याला असणे तेथे आवश्यक मानले जाई. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी सिद्ध केलेल्या 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाने ही अट स्वीकारली नाही. कलम 32 च्या पहिल्या पोटकलमानुसार मृत्यूची चाहूल असो वा नसो, मृत्यूचे कारण किंवा त्याची परिणती मृत्यूत झाली त्या घटनाक्रमाची परिस्थिती सांगणारे मृत व्यक्तीचे कथन ग्राह्य ठरले. विश्वासाचा भार बोलणाऱ्याच्या अंतिम क्षणावरून सांगितलेल्या घटनेकडे सरकला, ही या बदलाची लक्षणीय बाजू होय.

कथन म्हणजे नेमके काय, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे 1885 मध्ये आलेल्या क्वीन-एम्प्रेस विरुद्ध अब्दुल्ला या प्रकरणात गळा कापल्यामुळे वाचा गेलेल्या एका तरुणीने हाताच्या खुणांनी उत्तरे दिली होती. तिला एकामागून एक नावे विचारण्यात आली आणि खुणेने तिने होकार वा नकार दर्शविला. विचारलेले प्रश्न आणि केलेल्या खुणा एकत्र घेतल्यास ते शाब्दिक कथन ठरते, असा निर्णय पूर्णपीठाने दिला. मात्र या कथनातील शब्द प्रश्नकर्त्याचे होते. मृत व्यक्तीचा होता तो केवळ होकार वा नकार. जबानी ही दोघांनी मिळून घडविलेली संहिता असते, हे या निर्णयात प्रथमच इतक्या उघडपणे दिसून आले.

1939 च्या पाकला नारायण स्वामी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने या संहितेची कालमर्यादाही विस्तारली. घरून निघताना, आपण पैसे आणण्यासाठी कोठे जात आहोत, हे मृताने पत्नीला सांगितले होते. पुढे पुरी रेल्वे स्थानकावर एका ट्रंकेत त्याचा मृतदेह सापडला. निघताना त्याला मृत्यूची कल्पनाही नव्हती. तरीही ते साधे वाक्य मृत्यूच्या परिस्थितीचा भाग म्हणून ग्राह्य धरले गेले.

स्वातंत्र्योत्तर काळातील महत्त्वाचा टप्पा नागपूरच्या एका प्रकरणाने गाठला. गिरणी कामगारांमधील वैमनस्यातून 1956 मध्ये हल्ला झालेल्या इसमाची जबानी त्याच रात्री रुग्णालयात डॉक्टर, पोलीस अधिकारी आणि दंडाधिकारी यांनी स्वतंत्रपणे नोंदविली. अन्य पुराव्याचे पाठबळ नसल्यास अशा जबानीवर विसंबणे सुरक्षित नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्ये व्यक्त केले होते. खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या अपिलाचा 1957 मध्ये निर्णय देताना त्याच न्यायालयाने तो सार्वत्रिक नियम नसल्याचे सांगितले आणि शिक्षा कायम केली. त्याचबरोबर वाचनाच्या कसोट्याही घालून दिल्या : पाहण्यास पुरेसा उजेड होता काय, निरनिराळ्या वेळी केलेली कथने परस्परांशी जुळतात काय, कोणी पढविले होते काय. प्रश्नोत्तररूपाने आणि शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत दंडाधिकाऱ्याने नोंदविलेल्या जबानीला त्यात वरचे स्थान मिळाले. इंग्रजी परंपरेत धर्मश्रद्धेला जे स्थान होते, ते येथे नोंदीच्या शिस्तीने घेतले.

पुण्यातील एका विवाहितेच्या विषप्रयोगाने झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात, शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1984) या अपिलात, हा वाचनव्यवहार अधिक गुंतागुंतीचा झाला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुराव्यात होती. खालच्या न्यायालयाने दिलेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने कायम केलेली देहदंडाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पत्रांतील व्यथेतून आत्महत्येची शक्यताही सूचित होते, असे न्यायालयास वाटले. एकाच पत्रसंहितेतून दोन न्यायालयांनी दोन भिन्न निवेदने वाचली. दुसऱ्या वाचनाने एका माणसाचे प्राण वाचले. संशयाचा फायदा आरोपीला देणारे तत्त्व हे येथे अर्थनिर्णयाचेही तत्त्व ठरते : दोन अर्थ संभवत असतील तर निर्दोषत्वाशी सुसंगत अर्थ स्वीकारावा.

पुढे प्रश्न आला तो नोंदणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा. जबानी देणारी व्यक्ती शुद्धीवर व सक्षम होती, असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे काय, याविषयी 1999 मध्ये परस्परविरोधी निर्णय झाले होते. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2002) या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रमाणपत्र हा केवळ सावधगिरीचा नियम असल्याचे ठरविले. ती व्यक्ती सक्षम असल्याबद्दल दंडाधिकाऱ्याची खात्री पटलेली असल्यास ती पुरेशी मानली गेली. भाजलेल्या विवाहितांच्या जबान्यांसंदर्भात या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. सासरच्या माणसांच्या गराड्यात दिलेली पहिली जबानी आणि नंतर दिलेली दुसरी यांत विसंगती असल्यास खरी कोणती, हा पेच अशा अपिलांत वारंवार उद्भवतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात भाषांतराचा एक थर यात मिसळतो. 1998 पासून राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर घटनेच्या अनुच्छेद 348 मुळे मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. रुग्णालयात बोलीत उच्चारलेले वाक्य आधी सरकारी मराठीत येते आणि मग इंग्रजीत. ‘पेटवले’ आणि ‘पेटले’ यांतील एका अक्षराचे अंतर म्हणजे खून आणि अपघात यांतील अंतर असू शकते. बोलणाऱ्याचे शब्द जपावेत, या 1957 च्या अपेक्षेचे गांभीर्य येथे जाणवते.

1 जुलै 2024 पासून 1872 च्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि कलम 32 मधील ही तरतूद कलम 26 मध्ये आली. क्रमांक बदलला, तरी प्रश्न तोच राहिला. जबानीवर अविश्वास दाखविल्यास मृत व्यक्तीला दुसऱ्यांदा बोलता येत नाही. अतिविश्वास दाखविल्यास आरोपीला उलटतपासणी घेता येत नाही. या दोन असहाय पक्षांच्या मध्ये उभी असते ती कोणा तिसऱ्याच्या हाताने लिहिलेली संहिता. आणि ती लिहिणाऱ्याची सचोटी हाच दोघांचाही अखेरचा आधार असतो.