सरळ गल्ल्यांचे गाव

धुळे म्हटले की परगावच्या पाहुण्याला आधी धूळ दिसते आणि मग गाव. नावाने एखाद्या गावाचा घात करावा तो इतका! वास्तविक 1818 साली खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज कारभार पाहू लागला, तेव्हा त्याला इथे धूळ नव्हे, बागायत दिसली. एका अंगाला पांझरा नदी, दुसऱ्या अंगाला पाट, आणि मध्ये मळ्यांत दडलेले चिमुकले गाव. घरे 401, माणसे 2,509. आजकाल एवढी मंडळी एखाद्या लग्नालाही जमतात!

जागा जिल्ह्याच्या मध्यावर, पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. म्हणून 1819 मध्ये साहेबाने कचेरी आणि खजिना इथेच आणला. शेजारी नवे गाव आखले. वसायला येणाऱ्यांना जागा कायमची बिनभाड्याची, वर घर बांधायला उचल. सरकार स्वतःहून घर बांधायला पैसे देते आहे, हे वाचताना आमच्यासारख्या हप्ते भरणाऱ्यांचे डोळे पाणावतात.

या आखणीमुळेच धुळ्याच्या गल्ल्या सरळ. त्यांना नावे कमी, नंबर जास्त. 'गल्ली नंबर चार' म्हटले की पत्ता झाला. माणसाने गल्लीला नंबर दिले, तरी त्यातल्या भानगडी बिननंबरी राहतात, ती गोष्ट वेगळी.

या सरळपणाचे श्रेय पुष्कळ धुळेकर विश्वेश्वरय्यांना देतात. आता विश्वेश्वरय्या जन्मले 1861 साली. गाव आखले गेले त्याच्या चाळीसएक वर्षे आधी. मोठा माणूस काळाच्या पुढे असतो हे खरे, पण म्हणून इतका? 1884 साली नोकरीला लागल्यावर ते या भागात आले आणि पांझरेच्या पाण्याचे काम त्यांनी केले, एवढे मात्र पक्के.

पण मुळात ते पाणी शेतापर्यंत नेण्याची विद्या ना ब्रिग्जची, ना इंजिनिअरांची. नदीत बंधारा घालायचा, पाट काढायचा, शिवाराचे फड पाडायचे आणि पाणी पाळीने सर्वांना द्यायचे, ही फडपद्धत खानदेशी शेतकऱ्यांनी साहेबाच्या कितीतरी आधी बसवलेली होती. म्हणजे रेघा सरकारच्या, हिरवाई लोकांची.

पुढे 1906 साली खानदेशाचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडचा जळगावला गेला, पश्चिमेकडचा धुळ्याकडे राहिला. 1998 मध्ये त्यातूनही नंदुरबार वेगळे निघाले. जिल्हा असा आक्रसत गेला, गाव मात्र वाढत जाऊन 2003 साली महानगरपालिका झाले.

सरकारने बांधलेल्या वास्तूंचा उपयोगही धुळ्यात लोकांनी आपल्या पद्धतीने केला. 1932 साली इथल्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. कोंडायला बांधलेल्या भिंतींआड 'गीता प्रवचने' तयार झाली आणि घरोघर पोचली. साहेबाने गल्ल्या सरळ आखल्या खऱ्या. पण त्यांतून कुठे जायचे, हे गावाने त्याला विचारले नाही.