लूप पेडल म्हणजे काय? एकट्यानं गिटार वाजवणाऱ्यांसाठी पहिले धडे

लूप पेडल म्हणजे पायानं चालवायचा छोटा रेकॉर्डर. गिटारवर वाजवलेला तुकडा ते रेकॉर्ड करतं आणि लगेच, न थांबता, पुन्हा पुन्हा ऐकवतं. त्यावर तुम्ही दुसरा, तिसरा थर चढवू शकता. ३० जानेवारी २०२५ ला पुण्यात एड शीरनचा कार्यक्रम झाला. त्याची बरीच गाणी याच तंत्रावर उभी असतात: माणूस एकटा, पण ऐकू येतो अख्खा बँड.

मी खंडाळ्यात राहतो. सोबत वाजवणारे मित्र कॉलेज-नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेले की सरावाला कुणी उरत नाही. ती जागा हे पेडल बऱ्यापैकी भरून काढतं, पण एका अटीवर: तुमचा पाय तालात पडला पाहिजे.

कल्पना जुनीच आहे

तबल्याचं एकल वादन ऐकलंय? हार्मोनियम किंवा सारंगीवर एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन चालू असते. तो लेहरा, म्हणजे माणसानं वाजवलेला लूपच. पाश्चात्त्य संगीतात रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी १९७० च्या दशकात दोन टेप रेकॉर्डर जोडून असे थर रचले. पुढे डिजिटल मेमरी स्वस्त झाली आणि तेच काम पायाखालच्या डबीत आलं. २००१ मध्ये आलेलं बॉस कंपनीचं आरसी-२० हे त्यातलं गाजलेलं मॉडेल.

आत काय होतं?

फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरसारखंच. आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेऊन ते मेमरीत साठवले जातात. सीडीच्या दर्जाचा १२ सेकंदांचा स्टिरिओ लूप साधारण २ एमबीचा होतो, म्हणजे फोनमधल्या एका फोटोएवढा. फरक इतकाच की इथे शेवट झाला की क्षणाचाही खंड न पडता सुरुवात ऐकू येते.

एका बटणाची पेडल कशी चालतात?

१. पहिला दाब: रेकॉर्डिंग सुरू.
२. दुसरा दाब: रेकॉर्डिंग बंद, लूप सुरू.
३. तिसरा दाब: ओव्हरडब, म्हणजे नवा थर.
४. पटकन दोनदा दाब: लूप थांबतो.
५. दाबून धरणं: शेवटचा थर रद्द.

काही मॉडेलवर दुसरा दाब थेट ओव्हरडबमध्ये नेतो, त्यामुळे मॅन्युअल एकदा वाचाच.

खरी मेख: दुसरा दाब

समजा तुम्ही जी, डी, ई मायनर, सी हे चार कॉर्ड प्रत्येकी चार मात्रा वाजवताय. एकूण १६ मात्रा, तीनतालाच्या आवर्तनाएवढ्या. पहिला दाब एकवर, हे सगळ्यांना जमतं. दुसरा दाब कुठे? बरेच जण सोळा मोजलं की लगेच पाय मारतात. तिथे सोळावी मात्रा नुकती सुरू झालेली असते, संपलेली नसते. लूप १५ मात्रांचा होतो आणि दर फेरीला अडखळतो.

बरोबर जागा आहे पुढच्या आवर्तनाचा एक. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही दाब समेवर, ‘धा’वर. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.७५ सेकंदाची असते, म्हणजे १६ मात्रांचा लूप बरोबर १२ सेकंदांचा. पाय थोडा उशिरा पडला तरी तेवढी पोकळी प्रत्येक फेरीत ऐकू येते. सोबतचा वादक तुम्हाला सांभाळून घेतो, पेडल घेत नाही.

मी पाळतो ते तीन नियम:

- रेकॉर्ड करण्याआधी एक आवर्तन नुसतं वाजवायचं. हात लयीत बसला की पुढच्या समेवर पाय.
- टाच जमिनीवर टेकवून फक्त चवड्यानं दाबायचं.
- दुसऱ्या दाबाच्या वेळी हात थांबवायचा नाही. वाजवत राहिलं की सांधा कळत नाही.

थर कोणत्या क्रमानं?

आधी तारांवर हात ठेवून ‘चिक-चिक’ असा ठेका, मग कॉर्ड, मग जाड तारांवर बेस आणि शेवटी मोकळेपणानं सुरावट. तीन थर पुरेत, त्यानंतर आवाज गढूळ होतो. रेकॉर्ड करण्याआधी गिटार ट्यून करा. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेनं लाकूड फुगतं आणि सूर सरकतो, पण लूपमधला सूर तिथेच राहतो. मग पुढचा थर बेसूर लागतो.

जोडणी आणि वीज

इतर पेडल असतील तर लूपर शेवटी, अॅम्पच्या आधी लावा. म्हणजे प्रत्येक थराला वेगळा इफेक्ट देता येतो. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि अॅडॉप्टरच्या पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. तरी पेडलवरचं चिन्ह बघूनच लावा. घाटात पाऊस लागला की वीज जाते, तेव्हा पॉवर बँक कामी येते. पण साध्या यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात, म्हणून ९ व्होल्ट करून देणारी स्टेप-अप केबल घ्या.

नेहमीचे प्रश्न

*गाण्याचा आवाज लूप होईल का?* गिटार पेडलला माइक थेट जोडता येत नाही. त्यासाठी माइक इनपुट असलेला लूपर लागतो, उदा. बॉस आरसी-५०५.

*फोनवर जमेल का?* शिकण्यापुरतं हो. आयफोनच्या गॅरेजबँडमध्ये लाइव्ह लूप्स आहेत. मात्र वायरचे हेडफोन लावा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि ताल जुळत नाही.

*घेण्याआधी तयारी?* मेट्रोनोम अॅप ८० वर लावा, १६ मात्रांचे कॉर्ड वाजवा आणि पाय फक्त एकवर आपटा. पाच मिनिटं न चुकता जमलं की पेडल घ्यायला हरकत नाही. नसेल जमत तर आधी हाच सराव करा, त्याला एक रुपयाही लागत नाही.