हिमखिंडींच्या वाटेवर : अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांचे जीवन व लेखन

पाश्चात्त्य देशांत बौद्ध धम्माचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला, तो प्रामुख्याने ग्रंथालयांतून. पालि, संस्कृत आणि तिबेटी हस्तलिखितांचे संपादन करणारे पंडित तेथे पुष्कळ झाले. परंतु ज्या भूमीत धम्म प्रत्यक्ष आचरला जात होता, तेथे पायी जाऊन, तेथील भाषा बोलून तो समजून घेणारे अभ्यासक थोडेच. या थोड्यांत अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांचे स्थान अग्रभागी आहे. ल्हासा नगरीत प्रवेश करणारी पहिली पाश्चात्त्य स्त्री, अशी त्यांची ओळख सर्वत्र सांगितली जाते. आमच्या मते ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. त्यांचे जीवन हा मुक्त जिज्ञासेचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात त्यांच्याबरोबर चाललेल्यांचाही वाटा आहे.

पूर्वायुष्य

अलेक्झांड्रा यांचा जन्म दि. २४ ऑक्टोबर १८६८ रोजी पॅरिसनजीक सँ-मांदे येथे झाला. वडील प्रजासत्ताकवादी, तर आई कर्मठ कॅथलिक पंथाची होती. बालपण ब्रुसेल्सच्या परिसरात गेले. विख्यात भूगोलशास्त्रज्ञ व क्रांतिकारी विचारवंत एलिझे रक्लू यांचा सहवास त्यांना लाभला. सर्व प्रकारच्या अधिसत्तेविरुद्ध त्यांनी लिहिलेली पुस्तिका १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला प्रस्तावना रक्लू यांचीच होती. स्त्रियांनीच चालविलेल्या 'ला फ्रोंद' या पॅरिसच्या वृत्तपत्रातही त्या लिहीत असत.

पॅरिसमधील गिमे संग्रहालय १८८९ मध्ये खुले झाले. तेथील बुद्धमूर्ती आणि ग्रंथ यांच्या सान्निध्यात एकविसाव्या वर्षी त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. पुढे उपजीविकेसाठी त्या संगीत रंगभूमीवर गायिका झाल्या. १९०४ मध्ये ट्युनिस येथे रेल्वे अभियंता फिलिप नील यांच्याशी त्यांचा विवाह झाला; परंतु गृहस्थी जीवनात त्यांचे मन रमले नाही.

१९११ मध्ये त्यांचा आधुनिक बौद्ध विचार व बुद्धाची मूळ शिकवण यांविषयीचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्मकांड व अंधश्रद्धा बाजूस सारून बुद्धाच्या विवेकनिष्ठ शिकवणीकडे वळणारी बौद्धांची नवी पिढी हा त्याचा विषय होता. येथे आपल्या वाचकांना मद्रासचे प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांचे स्मरण होईल. त्यांचा 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' हा ग्रंथ १९०७ मध्ये निघाला होता आणि १९४८ मध्ये बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास प्रस्तावना लिहून तो पुन्हा प्रकाशात आणला. दोन भिन्न खंडांत, एकाच दशकात, दोन ग्रंथकार एकाच दिशेने विचार करीत होते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

सिक्कीमची गुहा

ऑगस्ट १९११ मध्ये त्या भारताकडे निघाल्या. अठरा महिन्यांत परतण्याचे वचन त्यांनी पतीस दिले होते. प्रत्यक्षात परतल्या त्या चौदा वर्षांनी. १९१२ मध्ये कालिम्पोंग येथे तेरावे दलाई लामा यांनी त्यांना भेट दिली. त्यानंतर सिक्कीममध्ये लाचेनच्या वरच्या बाजूस, सुमारे ४,००० मीटर उंचीवरील एका गुहेत राहून तेथील एका साधकाकडे त्यांनी तिबेटी भाषा आणि ध्यानमार्ग यांचे अध्ययन केले. याच काळात अफुर योंगडेन हा सिक्कीमचा पंधरा वर्षांचा मुलगा त्यांच्या सेवेत आला. पुढे तो त्यांचा सहकारी आणि दत्तक पुत्र झाला.

१९१६ मध्ये ब्रिटिशांच्या परवानगीवाचून सीमा ओलांडून त्या शिगात्से येथे गेल्या आणि पंचेन लामांना भेटल्या. परिणामी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना सिक्कीममधून हद्दपार केले. गुहेजवळच्या गावकऱ्यांनाही दंड झाला. त्यांच्या प्रस्थानाची वर्दी दिली नाही, हा त्यांचा अपराध! साहस एकाचे आणि शिक्षा गरिबास, हा साम्राज्यसत्तेचा न्याय आपल्या परिचयाचा आहे.

ल्हासाचा प्रवास

त्यानंतर ब्रह्मदेश, जपान, कोरिया व चीन असा त्यांचा प्रवास झाला. वेषांतर करून ल्हासात राहून आलेले जपानी भिक्खू एकाई कावागुची यांची त्यांनी जपानमध्ये भेट घेतली. कुंबुम येथील विहारात अडीच वर्षे राहून त्यांनी तिबेटी ग्रंथांचे अनुवाद केले.

१९२३ च्या शरद ऋतूत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्या योंगडेनसह युन्नानमधून पायी निघाल्या. योंगडेन हा भिक्षेकरी लामा आणि त्या त्याची वृद्ध माता, असे सोंग होते. केसांना चिनी शाई, वेणीत याकचे केस, चेहऱ्यास कोको व कोळशाची पूड, असा त्यांचा वेष होता. शिधा थोडा, तंबू लहान, आणि वाट ऐन हिवाळ्यात बर्फाने भरलेल्या खिंडींमधून जाणारी. देऊ ला या खिंडीच्या वाटेवर त्या दोघांना सलग एकोणीस तास न थांबता चालावे लागले. पुढे योंगडेनचा पाय मुरगळला, अन्न संपले, तेव्हा जोड्यांना ठिगळ लावण्याचे चामडे उकळून त्यांनी भूक भागविली. १९२४ च्या आरंभी त्या ल्हासात पोहोचल्या आणि तेथे दोन महिने राहिल्या.

वीस वर्षांपूर्वी, १९०४ मध्ये, यंगहजबंड यांची ब्रिटिश फौज याच नगरीत बंदुकांसह शिरली होती. डेव्हिड-नील भिक्षेकरीण म्हणून गेल्या. म्हणून सैन्यास व अधिकाऱ्यास जे दिसले नाही ते त्यांना दिसले : शेतकऱ्याच्या चुलीजवळची वागणूक, भिक्षेकऱ्यास मिळणारा घास आणि मिळणारा तिरस्कारही.

लेखन आणि आपली कसोटी

१९२५ मध्ये त्या फ्रान्सला परतल्या. ल्हासायात्रेचा ग्रंथ १९२७ मध्ये, तर तिबेटमधील साधक व मांत्रिक यांच्यावरील ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या ग्रंथातील चमत्कारसदृश कथांमुळे त्यांना अमाप प्रसिद्धी मिळाली. वास्तविक, अशा घटना दैवी नसून मनाच्या एकाग्रतेतून व नैसर्गिक कारणांतून घडतात, अशीच तिबेटी साधकांची समजूत असल्याचे त्यांनी तेथे नोंदविले आहे. तरीही त्यांतील प्रत्येक कथा आम्ही सत्य मानावी असे नाही. केसपुत्त नगरीत तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश लेखिकेच्या शब्दासही लागू आहे : केवळ कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नये. डेव्हिड-नील यांचे महत्त्व चमत्कारकथांत शोधणारा वाचक त्यांच्या १९११ च्या ग्रंथास विसरतो.

दुसरी कसोटी श्रेयाची. या प्रवासामागे दीर्घकाळ पतीने पाठविलेले पैसे होते. आणि खिंडीत ओझे वाहणारा, दारोदार मंत्र म्हणून भिक्षा मिळविणारा, संशयी अधिकाऱ्यांना उत्तरे देणारा योंगडेन होता. 'गेसर' या तिबेटी वीरकथेच्या १९३१ मधील आवृत्तीवर त्याचेही नाव आहे, ही समाधानाची गोष्ट. मात्र जगाच्या स्मरणात एकच नाव राहिले. डोंगर चढणाऱ्यांच्या इतिहासात ओझे वाहणाऱ्यांची नावे सहसा गळतात. ज्यांच्या पूर्वजांचे श्रम इतिहासाने नोंदविले नाहीत, त्या आम्हांस ही उणीव विशेष जाणवली पाहिजे.

योंगडेनचे निधन १९५५ मध्ये झाले. डेव्हिड-नील दि. ८ सप्टेंबर १९६९ रोजी, शंभर वर्षे पूर्ण केल्यावर, दीन्य येथील आपल्या निवासात निवर्तल्या. १९७३ मध्ये दोघांच्या अस्थी वाराणसी येथे गंगेत एकत्र विसर्जित करण्यात आल्या.

दोघे अखेरीस एकत्र आले. इतिहासलेखनातही त्यांना एकत्रच ठेवावे. बौद्ध घरांतील ज्या मुली आज विद्यापीठांतून पालि व इतिहास शिकत आहेत, त्यांनी हे चरित्र जरूर अभ्यासावे. बंद दाराशी थांबू नये, ऐकलेले तपासून घ्यावे आणि सोबत चालणाऱ्याचे नाव नोंदवावे, एवढे तीन धडे त्यातून मिळाले तरी तो अभ्यास सार्थकी लागेल.