बाउंड्रीबाहेरचे आईबाप

शालेय क्रिकेटमधले तीन आकडे मला गेले काही दिवस छळताहेत. ६२८, ६६४ आणि १००९. पहिला १८९९ सालचा, दुसरा १९८८ चा आणि तिसरा २०१६ चा. (मधला एकट्याचा नाही, भागीदारीचा आहे, माहितीये मला. लगेच कीबोर्ड सरसावू नका!) या धावांवर भरपूर लिहून झालंय, त्यात मी भर काय घालणार? माझं कुतूहल जरा वेगळं आहे. हे आकडे फळ्यावर चढत होते तेव्हा या पोरांचे आईवडील कुठे होते?

पहिल्या बाबतीत उत्तर सोपं आणि वाईट आहे. आर्थर कॉलिन्सला आईवडील नव्हतेच. याचा जन्म १८८५ चा, तोही हजारीबागचा. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये न्यायाधीश. पोरगा ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात दाखल झाला तोवर दोघेही वारले होते. जून १८९९ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, शाळेतल्याच दोन हाउसेसच्या ज्युनिअर सामन्यात तो सलामीला गेला आणि नाबाद परतला. चार दुपारी मिळून जवळजवळ सात तास खेळला. मैदान वेडंवाकडं, एका बाजूची सीमा इतकी जवळ की तिकडे चेंडू गेला तर दोनच धावा, आणि दुसरीकडे उतार, तिथे सगळं पळून काढायचं. म्हणून त्याच्या ६२८ मध्ये चौकार फक्त ३१ आणि दुग्गी १४६! स्कोअर लिहिणारीही पोरंच. 'वीसेक धावा इकडे तिकडे असतील' असं त्यातला एकजण म्हणाला होता म्हणे. आमच्याकडे डेटा एन्ट्रीत एवढी सूट मिळाली असती तर काय बहार आली असती.

समोरच्या संघाचं काय झालं हे सहसा कोणी सांगत नाही. ते सांगतो. नॉर्थ टाउन हाउस ८७ आणि ६१ मध्ये गारद झालं, आणि त्यातले ११ बळी कॉलिन्सनेच घेतले. एक डाव आणि ६८८ धावांनी पराभव. त्या अकरा पोरांच्या घरी हे कधी कळलं असेल? सुट्टीत, किंवा पत्रातून. बोर्डिंग शाळा म्हणजे मूल शाळेच्या ताब्यात. खेळाने चारित्र्य घडतं हा त्या काळातल्या इंग्रजी शाळांचा जवळजवळ धर्म होता आणि त्या धर्मात आईबापांना देवळाच्या पायरीपर्यंतच प्रवेश होता. फी भरा आणि घरी जा.

कॉलिन्स पुढे सैन्यात गेला (रॉयल इंजिनिअर्समध्ये, म्हणजे आपल्याच जातकुळीतला). प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. ११ नोव्हेंबर १९१४ ला यीप्रच्या लढाईत मारला गेला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी.

हाच धर्म बोटीत बसून मुंबईला आला. लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर होते. माणूस इंग्लंडचा माजी कर्णधार, आणि राज्यकारभारापेक्षा क्रिकेटमध्ये जीव जास्त. १८९३ ची दंगल पेटली तेव्हा साहेब पुण्यात क्रिकेटमध्ये रमले होते अशी टीका त्यांच्यावर झाली होती. पण त्यांच्या नावाची शाळांची ढाल त्याच दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि १९०१ मध्ये लहान मुलांसाठी जाइल्स शील्ड आली. या दोन ढालींनी मुंबईच्या क्रिकेटला जेवढं दिलं तेवढं कुठल्या अकादमीने दिलं असेल असं मला वाटत नाही. (हे सगळं मुलग्यांसाठी, हे सांगायलाच नको. मुलींनी खेळावं असं त्या साहेबांच्या स्वप्नातही आलं नसणार.)

पण मुंबईत बोर्डिंग नव्हतं. पोरगा संध्याकाळी घरीच यायचा, मळलेल्या पॅंटीसकट! म्हणजे आईवडिलांचं मत विचारात घ्यावंच लागे. आणि मध्यमवर्गीय मराठी घरातलं ते मत कसं होतं हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे: खेळ, पण मार्क दाखव. घरातलाच कोणी खेळणारा असेल तर मामला थोडा सैल व्हायचा. गावसकरांचे मामा माधव मंत्री भारताकडून कसोटी खेळलेले. ताडदेवच्या घरात आई टेनिस बॉल टाकायची, सुनील मारायचा, आणि एकदा चेंडू तिच्या नाकावर बसून रक्त आलं, हा किस्सा त्यांनी 'सनी डेज'मध्ये सांगितलाय. मला त्यातली आई फार आवडते. नाक धुतलं आणि पुन्हा चेंडू टाकायला आली. पण ती घरातल्या घरात. हॅरिस शील्डच्या मैदानावर आई नाही.

मैदानावर असायचे ते 'सर'.

आता आझाद मैदान, फेब्रुवारी १९८८. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, शारदाश्रम २ बाद ७४८. आचरेकर सर मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक बाहेरून डाव घोषित करा म्हणून सांगताहेत आणि ही दोघं त्यांच्याकडे बघायचंच टाळताहेत. शेवटी सरांना फोन लागला आणि हुकूम आला, डाव घोषित कर. विनोदने ३५० साठी एक धाव मागून बघितली. नाही म्हणजे नाही! मग त्यानेच सहा बळी घेऊन झेवियर्सला १४५ मध्ये गुंडाळलं.

सगळा किस्सा सरांचा धाक, सरांचा फोन, सरांचा हुकूम. दोन्ही बापांचा त्यात उल्लेखही नाही. आणि ते काही बेफिकीर नव्हते हो! प्राध्यापक रमेश तेंडुलकरांनी मुलाची शाळा बदलली, वांद्र्याहून शारदाश्रमला घातलं, कारण आचरेकर सरांनी तसं सुचवलं होतं. पुढे प्रवासाने पोर दमतं म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवलं. कवी माणूस, मराठीचा प्राध्यापक; क्रिकेटचं ओझं मोठ्या मुलाने, अजितने उचललं. कांबळींच्या घरी कांजूरमार्गच्या चाळीत वेगळं चित्र होतं. वडील मेकॅनिक, स्वतः क्लब क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज. पण दोघांनी केलं एकच. मूल सरांच्या हवाली केलं आणि बाजूला झाले.

याला तुम्ही विश्वास म्हणा, भाबडेपणा म्हणा. त्याची काळी बाजूही होती. सरांची थप्पड हा आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. सामना चुकवून दुसऱ्यांचा खेळ बघत बसल्याबद्दल सचिनने ती खाल्ली आणि पुढे भक्तिभावाने सांगितली. तो सचिन झाला म्हणून ती गोष्ट गोड लागते. जो कोणी नाही झाला त्याच्या थपडेची गोष्ट आपण ऐकलेली नाही.

त्या सामन्यातले बाकीचेही बघा ना. झेवियर्सच्या गोलंदाजीत साईराज बहुतुले होता, त्या धुलाईतून सावरून पुढे भारताकडून कसोटी खेळला. आणि पॅड बांधून तंबूत बसलेला पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार. बसूनच राहिला. त्याला भारताकडून खेळायला कधीच मिळालं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा तो त्यांचा मुख्य प्रशिक्षक होता.

१९८८ नंतर काय झालं? माझ्या मते त्या ६६४ नेच आईबापांना मैदानावर आणलं. आधी टीव्ही आला, मग पैसा आला, २००८ मध्ये आयपीएल आलं. खेळ म्हणजे वाया जाणं हे समीकरण उलटलं आणि खेळ म्हणजे गुंतवणूक झाली. त्यानंतरचे मोठे डाव काढून बघा. २००९ मध्ये हॅरिस शील्डला सर्फराज खानने ४३९ केल्या, वय बारा, प्रशिक्षक कोण? वडील, नौशाद खान. २०१३ मध्ये पृथ्वी शॉने ५४६ केल्या. आई तो चार वर्षांचा असतानाच गेलेली, आणि वडील मुलाला घेऊन रोज विरार ते वांद्रे. ज्यांनी कधी विरार लोकल पकडलीय त्यांना वेगळं सांगायला नको. किटबॅग घेऊन तर नकोच. १८९९ ला जो माणूस चित्रात नव्हता तो आता चित्राच्या मधोमध. (यशस्वी जयस्वाल हा सणसणीत अपवाद. आईवडील भदोहीला, हा आझाद मैदानावर माळ्यांच्या तंबूत.)

या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण गुंतवणूक आली की हिशेब येतो आणि हिशेब आला की लबाडीही. मुलाचं वय दोन वर्षांनी कमी दाखवणारा दाखला मूल स्वतः आणत नाही. २०१२ पासून बीसीसीआयला सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघावं लागतंय. २०२० मध्ये तर स्वतःहून खरं वय कबूल करा, शिक्षा करणार नाही, अशी योजनाच काढावी लागली.

आता तिसरा आकडा. जानेवारी २०१६, कल्याण, भंडारी कप. के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे नाबाद १००९. चौकार १२९, षटकार ५९. संघ ३ बाद १४६५. कॉलिन्सचा विक्रम ११६ वर्षांनी मोडला. वडील रिक्षा चालवणारे. त्या दोन दिवसांत सगळा देश कल्याणला लोटला होता. सचिनने बॅट पाठवली, मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली.

समोर आर्य गुरुकुल. ३१ आणि ५२ सर्वबाद. तेव्हाच्या बातम्यांनुसार शाळेने मोठ्या मुलांना परीक्षेसाठी थांबवून घेतलं होतं आणि मैदानावर पाठवली होती ती बारा वर्षांच्या आसपासची पोरं, ज्यातली बरीच सीझन बॉलने पहिल्यांदाच खेळत होती. झेल किती सुटले याला गणती नाही. म्हणजे बघा, मुंबईच्या मध्यमवर्गाच्या दोन्ही वृत्ती एकाच मैदानावर समोरासमोर आल्या होत्या. एकीकडे, खेळ रे बाबा, थांबू नकोस. दुसरीकडे, आधी परीक्षा. आणि दोन्हींची किंमत त्या बारा वर्षांच्या पोरांनी दिली, दिवसभर चेंडूमागे धावून. १९८८ ला 'पुरे आता' म्हणणारा फोन तरी आला होता. कल्याणला पहिला दिवस संपला तेव्हा प्रणव ६५२ वर नाबाद होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरं पुन्हा क्षेत्ररक्षणाला उतरली.

त्यात प्रणवचा काय दोष? पंधरा वर्षांच्या पोराने बॅट खाली ठेवावी ही अपेक्षा मोठ्यांनी करू नये. थांबवायचं काम मोठ्यांचं होतं, आणि मोठे कॅमेऱ्याची वाट बघत होते.

पुढे धावा आटल्या. एकदा हजार केलेल्या मुलाने चाळीस केल्या तरी लोकांना कमीच वाटणार. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिलं: मुलाचा खेळ सध्या होत नाहीये, शिष्यवृत्ती थांबवावी, पुन्हा चांगला खेळला तर तेव्हा बघू. महिना दहा हजार, रिक्षावाल्याच्या घरात, आणि कोणी मागितलेले नसताना परत! त्या पत्राची बातमी छोटीशीच आली होती.