दुसरी वाट होती, तरी उशीर का झाला?

या मालिकेत आपण दळणवळणाचा इतिहास बघतोय. आजचा प्रश्न दिसायला छोटा आहे. एखाद्या कार्यालयात इंटरनेटच्या दोन लाइनी असतात. एक तुटली की काम आपोआप दुसरीवर जायला हवं. जातंही, पण कधी कधी तीन मिनिटांनी. तेवढ्यात पैशांचा व्यवहार अर्धवट अडकतो, रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही, माणसं ताटकळत उभी राहतात. दुसरी वाट होती ना? मग वेळ गेला कुठे?

सुरुवात आपण बुलढाणा जिल्ह्यातून करू. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली. ती मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी गेली आणि कापसाची मोठी पेठ असलेलं खामगाव बाजूला राहिलं. म्हणून जलंबपासून सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचं उद्घाटन केलं. पाठोपाठ तारही आली. लिव्हरपूलचा व्यापारी तारेने वऱ्हाडातला कापूस मागवायचा आणि सुमारे सहा आठवड्यांत माल तिकडच्या धक्क्यावर उतरायचा.

त्याच १८७० साली भारत आणि इंग्लंड यांच्यात दोन नव्या तारवाटा सुरू झाल्या. एक तेहरानवरून, दुसरी सुएझ-एडनमार्गे समुद्राखालून थेट मुंबईला. म्हणजे पर्यायी वाटेची कल्पना दीडशे वर्षांची जुनी आहे. फक्त वाट बदलायचा निर्णय तेव्हा तारबाबू घ्यायचा. पलीकडून उत्तर येईना, की लाइन खरंच तुटली की नुसता उशीर होतोय, हे त्याला ठरवावं लागे.

राउटरपुढे आजही हाच पेच आहे. फार तर तो माणसापेक्षा शिस्तीने वागतो. शेजारच्या राउटरला तो ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवतो. शेजारी बराच वेळ गप्प राहिला, तर तो गेला असं धरतो. हा ‘बराच वेळ’ म्हणजे किती, इथेच सगळी गोम आहे.

मोठमोठी नेटवर्कं एकमेकांना जोडणारा बीजीपी हा नियमसंच १९८९ चा. अमेरिकेतल्या एका बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी त्याचा आराखडा जेवणाच्या टेबलावरच्या कागदी नॅपकिनांवर मांडला. त्यात शेजाऱ्याच्या मौनाची मुदत ९० सेकंद सुचवलेली आहे. काही प्रचलित राउटरांत ती मुळातच १८० सेकंद ठेवलेली असते. आपली हरवलेली तीन मिनिटं इथे सापडतात. कार्यालयाच्या आतल्या जाळ्यात वापरला जाणारा ओएसपीएफ बहुधा दर १० सेकंदांनी हाक देतो आणि ४० सेकंद वाट बघतो.

पण केबल तुटली तर राउटरला लगेच कळायला नको का? थेट त्याच्यात खोचलेली असेल तर कळतं. बरेचदा मध्ये एखादा स्विच किंवा कन्व्हर्टर असतो. पुढे जेसीबीने फायबर तोडली तरी आपल्या बाजूचा दिवा हिरवाच राहतो. मग मुदत संपेपर्यंत राउटर बिचारा मेलेल्या लाइनवर माल ढकलत बसतो.

बरं, एकाला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं असंही नाही. २००० साली क्रेग लाबोविट्झ, आभा आहुजा, अभिजित बोस आणि फरनाम जहानियन यांनी इंटरनेटवर मुद्दाम बिघाड घडवून मोजमाप केलं. मोठ्या नेटवर्कांमध्ये वाट बदलायला सरासरी तीन मिनिटं लागत होती. काही वेळा ही धांदल पंधरा मिनिटांपर्यंत चालायची. कारण राउटर एकमेकांकडून त्याच तुटलेल्या वाटेच्या शिळ्या बातम्या घेऊन त्या आजमावत राहायचे.

मग उपाय? २०१० मध्ये बीएफडी हा प्रकार प्रमाणित झाला. त्याचं काम एकच: झपाझप हाका देत राहणं. दर ३०० मिलिसेकंदांनी हाक ठेवली आणि तीन चुकल्या की लाइन गेली असं धरलं, तर एका सेकंदाच्या आत निकाल. पण घाईही नडते. लाइन जरा कुरकुरली की राउटर इकडून तिकडे उड्या मारतो, आणि ते जास्त त्रासदायक.

म्हणून उशीर शोधताना आपण तो तीन भागांत मोजू. तुटल्याचं कळायला किती वेळ? ती बातमी पसरायला किती? आणि परतीची वाट? आपण दुसऱ्या लाइनवर गेलो, पण पलीकडचा उत्तरं जुन्याच लाइनवर पाठवत असेल, तर काम ठप्पच.

हे आता बोलायचं कारण आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट. बऱ्याच ठिकाणी तिची रचना जलंब-खामगाव फाट्यासारखी, टोकाला एकेरी. २०२३ च्या सुधारित योजनेत वर्तुळाकार जोडणी ठरली आहे, म्हणजे गावाला दोन्ही बाजूंनी वाट. बुलढाण्याच्या तेरा तालुक्यांत ती जसजशी पोचेल, तसतसं फायबर टाकली का एवढं विचारून भागणार नाही. आधी सांगून, सगळ्यांसमोर, एक बाजू काढून बघितली का, आणि किती सेकंदांत काम पुन्हा सुरू झालं, हे आपण विचारायला हवं.