मागच्या दाराचा इतिहास

शहरातल्या जुन्या घराचा नकाशा हाती आला, तर गृहस्वच्छतेच्या अभ्यासकाने दिवाणखाना, माजघर ओलांडून थेट मागच्या भिंतीकडे जावे. तिथे संडास असे आणि अनेकदा त्याला दोन वाटा असत. एक घरातल्यांची. दुसरी खालच्या बाजूने बोळात उघडणारी. तिथून सफाई कामगार भरलेली टोपली ओढून काढी आणि रिकामी सरकवी. त्याची आणि घरच्यांची नजरानजरही होऊ नये, अशी ती बांधणी. गृहस्वच्छतेच्या इतिहासाचे मुख्य प्रश्न मला या दुसऱ्या वाटेपाशी सापडतात. मैला कोण नेतो, कुठे नेतो आणि त्यासाठी पाणी कोणाच्या वाट्याला येते?

या क्षेत्राकडे वळणाऱ्यांना बहुधा मोहेंजोदडोची ओढ असते, आणि ती रास्तच आहे. सुमारे 4,500 वर्षांपूर्वीची भाजक्या विटांची न्हाणीघरे, रस्त्यालगतची झाकलेली गटारे पाहून मन थक्क होते. ती गटारे उपसणारे हात मात्र उत्खननात सापडत नाहीत. पुढे 1775 साली अलेक्झांडर कमिंगने वाकड्या नळीच्या संडासाचे पेटंट घेतले. वळणात साचलेले पाणी गटारातली दुर्गंधी अडवते. एवढ्या युक्तीने संडास घराच्या आत आणणे सुसह्य झाले. पण ती चालते ती घरात पुरेसे पाणी आणि रस्त्याखाली गटार असेल तरच.

म्हणून मुंबई बारकाईने पाहावी. 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. मैलापाणी वाहून नेणारी भुयारी गटारे मागाहून, तुकड्यातुकड्याने आली. तोवर, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, भार राहिला तो हलालखोर म्हटल्या जाणाऱ्या कामगारांवर. इमारतींमधल्या अरुंद घरगल्ल्यांतून ते मैला काढत. 1888 च्या महापालिका कायद्यात चक्क हलालखोर कराची तरतूद होती. जातीने लादलेले काम शहराच्या जमाखर्चात असे रीतसर येऊन बसले. तंत्राचा इतिहास आणि जातीचा इतिहास वेगवेगळे लिहिण्याला माझा विरोध आहे तो यामुळेच.

गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन यांनी ही गाठ ओळखली होती. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. उच्चवर्णीय म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभले. डिसेंबर 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पांनी संडास आणि सोनखताचे प्रयोग केले. दोन खड्ड्यांचा संडास मी याच धाग्यात पाहतो. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे साधारण दोन वर्षांत खत होते. ताजा मैला उपसण्याची वेळ कुणावर येत नाही.

1993 आणि 2013 च्या कायद्यांनी हाताने मैला उचलण्यावर बंदी घातली. तरीही सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसे आजही गुदमरून मरतात. हा इतिहास संपला असे समजून कुणी लिहू नये.

नव्या अभ्यासकांचे इथे मनापासून स्वागत आहे. पालिकांचे जुने अहवाल त्यांनी वाचावेतच. पण चाळीतल्या सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या, गावात अंधार पडेपर्यंत कळ सोसलेल्या बायकांशीही बोलावे. ज्यांनी डोक्यावरून टोपल्या वाहिल्या ते कामगार आता थकले आहेत. त्यांच्या संमतीने, त्यांच्याच शब्दांत त्यांच्या आठवणी नोंदवून घेण्याचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.